चॉकलेटात पाणी

“चव बघ गं,” आई म्हणाली, आणि चमचा माझ्या नाकासमोरून गिरिजाकडे गेला.

मी हात पुढे केला होता. तो वाटेतच राहिला, म्हणून त्याच हातानं फडकं उचललं आणि लख्ख असलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला. गिरिजानं चमचा जिभेला लावला, जरा थांबली आणि हळूच म्हणाली, “साखर बरोबर हाय, आत्ती. पण दूध खाली जरा लागलंय.”

“असू दे. वेलदोडा वाढवू की,” आई म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईच्या दुधाला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती, आणि ही निपाणीची पोर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, सासूला तोंडावर सांगत होती की तुमचं दूध लागलं. आणि आई ऐकून घेत होती! मी मान वळवून पातेल्यावर वाकले. खरंच करपट वास येत होता. त्यामुळे तर मला जास्तच राग आला.

आई दर मे महिन्यात सांगलीच्या आमच्या घरी आइस्क्रीमचे वर्ग घ्यायची. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, तिच्यावर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, मधल्या दाराशी टेबल, टेबलावर शेगडी आणि टेबलामागं आई. तिच्या उजव्या हाताला मी. ती जागा माझी होती. लग्न करून सोलापूरला गेले तरी मे उजाडला की मी बॅग भरून हजर व्हायची. सासरी सांगायची, आईला मदत लागते. मदत कसली डोंबलाची! पहिला चमचा आईनं चाखायचा, दुसरा मला द्यायचा, मग आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवायची, आणि त्यानंतरच पातेलं बायकांपुढं जायचं. तेवढ्यासाठी मी वर्ष काढायची.

आईच्या नाकाचा गल्लीत दरारा होता. शेजारच्या कोऱ्यांच्या घरी दूध उतू जायला आलं की आई आमच्या खिडकीतून हाक मारायची, “अहो सरूबाई, गॅस!” वर्गातल्या बायका म्हणायच्या, इंदूकाकूंना चाखायचीही गरज नाही, नुसत्या वासावर पास-नापास करतात. आई वरवर “काहीतरीच तुमचं” म्हणायची, पण त्या दिवशी तिची चाल जरा वेगळीच असायची.

त्या वर्षी सगळं बदललेलं दिसलं. माझा धाकटा भाऊ बसू, त्याचं गिरिजाशी लग्न आधीच्या उन्हाळ्याच्या शेवटी झालेलं. दिवाळीनंतर आईला मोठा ताप आला होता. माझ्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मला निघता आलं नाही. आईची उठबस गिरिजानं केली. मी फोनवर चौकशी करायची, आणि पलीकडून दरवेळी गिरिजाच बोलायची, “ताई, काळजी करू नका, आत्ती बऱ्या हायत.” तिचा आवाजच मला खुपायचा. आता समोर आल्यावर ती सगळीच खुपायला लागली.

ती आईला चिकटूनच असायची. आईनं डबा उघडला की हिची मान आधी आत. आईनं बाटली उचलली की ही हातातून घेणार, बघणार आणि मग परत देणार. मध्येच आईच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटायची. आई मान हलवायची. त्या दोघींची अशी एक भाषा तयार झाली होती आणि मी तिथं बाजारातल्या गिऱ्हाइकासारखी उभी असायची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आई स्वतः चाखेनाशी झाली होती. पहिलाच चमचा गिरिजाला. दुसरा चमचा नव्हताच.

एकदा दुपारी मी आईला गाठलं. ती आंबे पुसत बसली होती.

“आई, त्या गिरिजाला जरा आवर. सगळ्यांत नाक खुपसते.”

आईनं चमकून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा आंबे पुसायला लागली. “शिकतीय बिचारी. सून आहे माझी.”

“आणि मी?”

“तू माहेरपणाला आलीयस. चार दिवस आराम कर की, शैले. सासरी राबतेसच.”

म्हणजे मी पाहुणी. मी एक आंबा उचलला, वास घेतला, म्हटलं, “हा उतरलाय, फेकून दे.” आई म्हणाली, “हो का? बरं,” आणि तिनं तो निमूट बाजूला ठेवला. पूर्वी माझ्या हातून हिसकावून घेतला असता, स्वतः हुंगला असता आणि मला वेड्यात काढलं असतं. आता भांडण्यापुरतीही मी तिला लागत नव्हते, असं मी त्याचं कारण लावलं.

मग मी गिरिजालाच धरलं. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

“काय गं, आईचा वर्ग तूच चालवणार वाटतं आता?”

“न्हाई वो ताई. मी कोण चालवणार?”

“मग सारखी तिच्या हातातून वस्तू काय ओढतेस? बायका बघतात. आईला काही येईनासं झालंय असं वाटतं लोकांना.”

तिचा चेहरा एकदम उतरला. चिमटा हातात धरून ती उभी राहिली. “ताई, मी...” म्हणाली आणि बादलीकडे वाकली.

“काय?”

“काय न्हाई. तुमचं बरोबर हाय. मी सांभाळून करीन.”

अशी गरीब गाय बनली की मला आणखीनच चीड आली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

वर्गाचा शेवटचा दिवस नेहमी चोकोबारचा. त्या दिवसासाठीच निम्म्या बायका नाव घालायच्या. घरी केलेल्या आइस्क्रीमच्या कांड्यांवर चॉकलेटचा थर चढवायचा, दाताखाली कट्ट वाजणारा, दुकानातल्यासारखा. कांड्या आदल्या दिवशीच साच्यांत घालून गोठवायला ठेवायच्या. आमच्या फ्रिजच्या वरच्या खणात त्या सगळ्या मावायच्या नाहीत, म्हणून गल्लीभर वाटलेल्या असायच्या. काही कोऱ्यांकडे, काही पलीकडच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडे. तिथं त्या इंजेक्शनांशेजारी बसायच्या. वर्ग सुरू झाला की कुणीतरी पळत जाऊन त्या आणायच्या. हे काम पूर्वी बसू करायचा. त्या दिवशी तो कामावर गेलेला, म्हणून आईनं गिरिजाला पाठवलं.

जाताना गिरिजा दारात घुटमळली. “आत्ती, मी आल्याबिगर चॉकलेट चढवू नका हं.”

“अगं, जा तू. साचे वितळतील.”

“मी आहे ना,” मी म्हटलं. आणि ती चप्पल घालायच्या आत मी आईच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले.

काय सांगू, किती बरं वाटलं! माझी जागा मला मिळाली होती. समोर सतरंजी भरलेली. पुढच्याच ओळीत चौगुलेबाई बसलेल्या. विश्रामबागेत आपला वेगळा वर्ग काढायच्या बेतात त्या आहेत, हे साऱ्या सांगलीला माहीत होतं. आईचं कुठं चुकतं ते टिपायला त्या यायच्या, आणि इतकी वर्षं रिकाम्या हातानं परत जायच्या.

आईनं मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यावर छोटं पातेलं बसवलं आणि चॉकलेटच्या स्लॅबचे तुकडे त्यात टाकले.

“आता ऐका,” ती म्हणाली. “चॉकलेट आचेवर थेट ठेवायचं नाही, वाफेवरच वितळवायचं. आणि पाणी! पाण्याचा एक थेंब आत गेला तरी सगळं चॉकलेट दगडासारखं आवळून येतं, मग वाचत नाही. ही काय आमटी नव्हे, घट्ट झाली म्हणून तांब्यातलं पाणी ओतायला. आपल्या बायकांचा हात लगेच तांब्याकडे जातो, म्हणून सांगते.”

बायका हसल्या. हे वाक्य आई दरवर्षी म्हणायची आणि बायका दरवर्षी हसायच्या.

“मग पातळ कशानं करायचं, काकू?” एका नव्या मुलीनं विचारलं.

“खोबरेल तेलानं.”

“अगं बाई! डोक्याला लावायच्या?”

“डोक्याला तुम्ही लावता, तेलाला काय माहीत? खाण्याचं शुद्ध घ्यायचं, बिनवासाचं. त्यानं थर पातळ बसतो आणि गार कांडीवर चटकन कडक होतो.”

आई मागं वळली. खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्या होत्या. तिनं एक उचलली, झाकण काढलं आणि चॉकलेटात धार धरली. मी कौतुकानं बघत होते. हात तोच, धार तीच. मग तिनं लाकडी चमच्यानं गोल गोल हलवलं, चॉकलेट तुकतुकीत झालं, आणि वाफेबरोबर एक वास वर आला.

कापूर.

माझी नजर बाटलीकडे गेली. अप्पांचं, माझ्या वडलांचं, गुडघ्याला चोळायचं तेल. खोबरेल तेलात कापूर घालून आई ते दरवेळी घरीच करायची. अप्पांनी ते उन्हात कोमट करायला खिडकीत ठेवलेलं, आणि दोन्ही बाटल्या सरबताच्या, एकाच घाटाच्या. डोळ्यांना ओळखता येणार नाहीत, पण नाकाला? देवळातसुद्धा एवढा कापूर जळत नाही. मला वाटलं आई आता ओरडेल, कपाळावर हात मारेल.

आई शांतपणे हलवत होती. पातेल्यावर वाकली, वाफ सरळ तिच्या तोंडावर गेली, आणि समाधानानं हसली.

“झालं,” ती म्हणाली. तिनं चमच्याच्या टोकावर चॉकलेट घेतलं, दारातून गिरिजा येते का ते बघितलं, क्षणभर थांबली आणि मग चमचा माझ्यापुढं धरला. “शैले, चव बघ.”

त्या चमच्यासाठी मी सगळा महिना जळत होते. मी तो तोंडात घेतला. जीभ गारठली, कडूजहर चव घशापर्यंत गेली.

“जमलंय?” आईनं विचारलं.

माझ्याकडे बघणारे तिचे डोळे मी कधीच विसरणार नाही. आई मला परीक्षा घेतल्यासारखं विचारायची नेहमी. त्या दिवशी ती खरंच विचारत होती. तिला माहीत नव्हतं.

एका क्षणात सगळं माझ्या ध्यानात आलं. करपलेलं दूध, उतरलेला आंबा, हातातून घेतलेल्या बाटल्या, कानातली कुजबुज. आईचं नाक गेलं होतं, आणि नाकाबरोबर चव गेली होती.

“छान,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“मग ह्यांना दे. बायकांनो, आधी नुसतं चॉकलेट चाखून बघा, मग कांड्या बुडवू,” आई म्हणाली आणि पातेलं उचलायला तिनं फडकं घेतलं.

चौगुलेबाईंनी मान उंचावली. “काकू, कापराचा वास येतोय का हो कसला?”

“अप्पा पूजेला बसलेत आत,” मी म्हटलं. अप्पा आत घोरत होते.

आईच्या कानात सांगावं? पण सांगितलं की ती बाटली उचलून नाकाशी धरणार, पुन्हा पुन्हा धरणार, आणि पुढच्या ओळीतून ते बघितलं जाणार. संध्याकाळपर्यंत विश्रामबागेत बातमी, की इंदूकाकू चॉकलेटात कापूर घालतात आणि त्यांना कळतही नाही. आईच्या हाताशी पातेलं होतं. माझ्या हाताशी पाण्याचा तांब्या होता.

मी तांब्या उचलला आणि चॉकलेटात ओतला.

चॉकलेट डोळ्यांदेखत फाटलं, गुठळ्या होऊन पाण्यात फिरायला लागलं.

“शैले!” आई किंचाळली. “अगं काय केलंस हे?”

“घट्ट वाटलं मला,” मी म्हटलं. “पातळ करावं म्हटलं.”

मग जे हसू फुटलं! नवी मुलगी तर तोंडावर पदर धरून हलत होती. चौगुलेबाई म्हणाल्या, “अहो, आत्ताच तर सांगितलं काकूंनी! आम्ही नवख्या, आम्हाला कळलं, आणि लेकीला?”

आईचा चेहरा लाल झाला होता. “इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी राहिलीस, शैला,” ती म्हणाली. रागावली की ती पूर्ण नाव घ्यायची. “काय शिकलीस? लक्ष कुठं असतं तुझं?”

मी खाली बघितलं. गुठळ्या झालेलं पातेलं उचललं आणि मागच्या मोरीकडे चालू लागले. मागच्या दारातून साचे घेऊन गिरिजा आत येत होती. तिनं पातेल्यात बघितलं. तिच्या नाकपुड्या हलल्या. मग तिनं खिडकीच्या कट्ट्याकडे बघितलं, कापूरतेलाची बाटली तिथंच उघडी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. साचे खाली ठेवले, पदराआड बाटली उचलली आणि आत नेऊन ठेवली. परत आली ती कपाटातला दुसरा स्लॅब घेऊनच.

“आत्ती, हाय की अजून. करू परत.”

पुढचं मी मोरीशी बसून, दाराच्या फटीतून बघितलं. गिरिजा आईच्या उजव्या हाताला उभी राहिली. तिनं तेल स्वतः घातलं, चव स्वतः बघितली. वितळलेलं चॉकलेट उंच पेल्यात ओतलं, आई एकेक कांडी त्यात बुडवायची, वर काढायची, जरा निथळू द्यायची, आणि बघता बघता थर कडक व्हायचा. पहिल्या कांडीचा आवाज मला मोरीपर्यंत ऐकू आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, “टाळ्या माझ्या सुनेसाठी वाजवा. तिनं वेळ निभावली.”

मी पातेलं घासत होते. कापराचा वास काही केल्या जाईना. त्या वासापासून पळून गेली असती ना पूर्वीची आई! मला रडू येत होतं आणि त्या टाळ्या ऐकून जीव जळत होता, दोन्ही एकदम.

संध्याकाळी गिरिजा गच्चीवर आली. मी कठड्याला टेकून उभी होते.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तापानंतर. गोड, खारट, तिखट एवढं कळतंय. वास अजिबात न्हाई. डॉक्टर म्हणाले, येईल, न्हाईतर न्हाई.”

“तुला कसं कळलं?”

“आत्तींनीच सांगितलं. तापातून उठल्या त्याच आठवड्यात. हात धरून रडल्या.”

मला वाटलं होतं तिनं ओळखलं असेल. सेवा करता करता लक्षात आलं असेल. ते मी सोसलं असतं. पण आईनं आपण होऊन सांगितलं होतं. तिचा हात धरून. बसूलाही नाही, अप्पांनाही नाही, मला नाही. त्या पोरीला.

“मला का नाही सांगितलं?” हे मी तिला विचारलं, आणि विचारताना माझा आवाज लहान पोरीसारखा निघाला.

गिरिजा दोरीवरच्या साडीची कड सरळ करू लागली. “मी लई वेळा म्हटलं, ताईंना सांगा. तर म्हणाल्या, न्हाई. शैलीपुढं मला हाय तशीच राहू दे. ती वर्षातनं एकदा येते, तेवढे दिवस मला माझं सगळं धडधाकट हाय असं वाटतं.” मग जरा पुढं येऊन म्हणाली, “ताई, मी सांगू का त्यांना? तुम्ही पाणी का घातलं ते?”

“सांगशील तर बघ.”

“पर त्या तुमच्यावर...”

“रागवू दे. सांगितलंस तर तिला कळेल की मला कळलं.”

ती मान हलवून उभी राहिली. मला तिचा हात धरावासा वाटत होता आणि तिला गच्चीवरून ढकलून द्यावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही, वाळलेले कपडे काढायला लागले. तीही लागली.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. रिक्षा दारात होती. आईनं ओटी भरली, बॅगेत चिवड्याचा डबा कोंबला. राग गेला होता तिचा. उलट तिला माझी दया येत होती, ते दिसत होतं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

“काल सगळ्यांसमोर बोलले, मनाला लावून घेऊ नकोस हं,” ती म्हणाली. “तुझं चित्त आता तुझ्या घरात असतं, तसंच असावं. पुढच्या मे महिन्यात ये, मस्त आराम कर. बायकांच्यात बसून बघ. टेबलाशी आता गिरिजा असेल.”

“बरं,” मी म्हटलं.

गिरिजा आईच्या मागं दारात उभी होती. तिचे डोळे भरून वाहत होते, आणि ती ते पुसतही नव्हती. त्याचाही मला राग आला. रडायचा हक्क माझा होता, तोही हिनं घेतला. पण आई माझ्याकडे बघत होती, म्हणून मी हसले, तिच्या पाया पडले आणि रिक्षात जाऊन बसले.